हरलेल्या गावाचा बिल्ला

जिल्ह्याचे हुतूतूचे सामने आपल्याच गावी व्हावेत म्हणून त्या वर्षी सावली, गडचिरोली आणि चामोर्शी हटून बसली होती. तेव्हा आमचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच होता. ‘सामने आमच्याकडेच’ असं लिहिलेले रंगीत मिन्याचे पितळी बिल्ले प्रत्येक गावाने नागपुराहून करून आणले, आणि ते छातीवर लावून पुढारी चांद्याच्या बैठकीला गेले. मान सावलीला मिळाला. मी सावलीच्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण, म्हणून तिथला हिरवा बिल्ला मला आयता मिळाला. गडचिरोलीचा एका कारकुनाकडून मागून घेतला. असे बिल्ले जमवायचा मला नादच होता, आणि त्यातही हरलेल्या गावाचा बिल्ला मला जास्त प्यारा. तो कुणी जपून ठेवत नाही.

चामोर्शीकरांनी तर रागाच्या भरात आपले बिल्ले वैनगंगेत फेकले होते. तिघांतला एक नसला तर बाकीचे दोन कशाला ठेवायचे, असं मला वाटायचं.

पोळ्याला बहिणीकडे चामोर्शीला गेले. तोरणाखाली बैल उभे होते आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जोडीच्या कपाळांवर, गोंड्यांच्या मधोमध, चामोर्शीचे दोन लाल बिल्ले चमकत होते. नदीत जाण्याआधी त्याने ते वाचवले असणार; माणसांनी टाकलेलं बैलांना मिळालं होतं. मी पैसे देऊ केले, तो नुसता हसला. मग मी अतिशहाणपणा केला आणि बदल्यात सावलीचा बिल्ला पुढे धरला. म्हातारा असा भडकला की बहिणीने मला ओढत घरी नेलं. जिंकलेल्या गावाची खूण मी हरलेल्यांच्या बैलाला बांधायला निघाले होते. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. त्याने ऐकून घेतलं आणि एका बैलाच्या कपाळावरचा बिल्ला सोडवला.

“सावलीच्या मांडवात हा खांद्यावर लावून बसान का, बाई? बसत असान तर न्या.”

मी हो म्हणाले. पण भाकरी सावलीचीच खायची होती.

धान घरात आल्यावर सामने भरले. मी लाल बिल्ला पदरावर लावून बसले, तशी माझ्या आजूबाजूची सतरंजी रिकामी झाली. शाळेच्या मोठ्या बाईंनी तो काढायला सांगितला. मी शब्द दिलाय म्हटलं. तीन दिवस मला कुणी पानसुपारीसुद्धा विचारली नाही. शेवटच्या सामन्यात मात्र चामोर्शीने सावलीला सावलीच्याच मातीत लोळवलं. मी, सावलीची मास्तरीण, उभी राहून टाळ्या पिटत होते. तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

गर्दीतून तो म्हातारा माझ्याकडे आला. बिल्ला परत मागतो की काय, म्हणून मी त्यावर हात ठेवला.

“तो राहू द्या तुमच्यापाशी,” तो म्हणाला. “आता तुमचा सावलीचा द्या. माहा एक बैल बोडका हाय.”