पेंटरकाकांची सावली

पेंटरकाकांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि प्रत्येक अक्षराची सावली उजवीकडेच टाकली. उस्तादांनी तसं शिकवलं होतं, विषय संपला. पुढे छापील फ्लेक्स आले, काकांचे ब्रश माळ्यावर गेले आणि काका सुनेच्या फोडणीत लक्ष घालू लागले. सून कार्टूनच्या कंपनीत रंगकाम करते. तिने आपला जुना टॅब्लेट सासऱ्यांच्या हाती दिला. प्रेमापोटी, असं ती म्हणते. शेजाऱ्यांना फोडणीचा संशय आहे.

पहिला आठवडाभर काका रंग बदलताना डिजिटल पेन शर्टाला पुसायचे. तरी हात बसला. मुलांच्या मासिकाला चित्रकार हवा होता. काकांनी खिडकीतलं मांजर पाठवलं. दोनदा परत आलं. संपादकबाईंनी कळवलं, "मांजर गोड आहे, पण उजेड चुकलाय. आज पाचपर्यंत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देते."

"उजेड चुकलाय म्हणे!" काका भडकले.

"बाबा, खिडकी कुठेय?" सुनेने विचारलं.

"उजवीकडे. बाईंना तिथेच हवीये."

"आणि मांजराची सावली?"

"उजवीकडेच! आणखी कुठे?"

काकू हसत सुटल्या. "अहो, ऊन आत येतंय आणि सावली उन्हावरच धावून जातेय!"

सुनेने टेबलावर पिवळं कापड पसरून किटली ठेवली, उजवीकडे दिवा लावला. सावली डावीकडे पडली. काका वाकून बघत राहिले. "अगं, ही काळी कुठेय? पिवळ्या कापडावर जांभळट दिसतेय. आणि किटलीच्या पोटाला खालून कापडाचा पिवळा लागलाय!" चाळीस वर्षं सावली म्हणजे काळ्या रंगाचा डबा, एवढंच त्यांना ठाऊक.

डोक्यात शिरलं, पण हात ऐकेना. सावली पुसली की पेन पुन्हा उजवीकडेच. साडेचार झाले. काम हातचं जाणार म्हणून काकांना घाम फुटला.

"पोरी, हे अख्खं चित्र आरशातल्यासारखं फिरतं का?"

तिने बटण दाबलं. खिडकी डावीकडे गेली. मग काय! काकांनी सवयीने सपासप उजवीकडे सावली ओढली, जांभळट, कडेला मऊ. मांजराच्या पोटाखाली उन्हाच्या पिवळ्याची झाक दिली आणि चित्र परत फिरवलं. मांजर खरंच उन्हात बसलं होतं.

पाचला दोन मिनिटं असताना चित्र गेलं. सव्वापाचला उत्तर आलं, "काम तुमचं. पुढच्या चित्रात खोलीत दोन दिवे हवेत."

काका चपला घालून तडक शेजारी. "वहिनी, टेबलावरचा दिवा आहे का हो तुमच्याकडे? आमच्याकडे एकच आहे."