पुढचा उजवा खांदा

मी आज जो काही आहे तो मुलाणी गुरुजींमुळे. नगरकडच्या आमच्या लहान गावात ते इतिहास शिकवायचे. वडील गेल्यावर कॉलेजात माझं नाव घालायला तेच आले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दुबईला निघालो त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी येऊन ते एवढंच म्हणाले, "दत्ता, ताबुताची तुझी जागा मी राखतो. तू ये."

आमचं घर तेल्याचं, पण मोहरमच्या ताबुताला पुढचा उजवा खांदा आमचा. खांदा द्यायला निघताना आई उंबऱ्यात माझ्या पायांवर पाणी घालायची. नवरात्रात देवीच्या पालखीपुढं मशाल धरायचा मान मुलाण्यांचा. हल्ली ती गुरुजींचा मुलगा सलीम धरतो. हे निजामशाहीपासून चालत आलंय म्हणतात. सुलतान एवढा चांगला होता का, असं आम्ही वर्गात विचारलं होतं. गुरुजी हसले. म्हणाले, लढाया आणि लूट तेव्हाही होतीच. पण त्याच्या फौजेत मराठे सरदार, गावोगावचा हिशेब मराठी माणसांच्या हातात. त्यांच्यावाचून त्याचं चालत नव्हतं. "गरजेची सवय होते, पोरांनो, आणि सवयीचं नातं."

दुबईच्या करामा भागात बेडस्पेस मिळाली, म्हणजे भाड्याच्या खोलीतली एक खाट. खोलीतले सगळे पुण्या-मुंबईचे. ताबुताचं सांगितलं की चेष्टा व्हायची, "दत्तोबा, तू नक्की कुठल्या पार्टीचा?" शेजारच्या शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या ऑफिसात रत्नागिरीचे रफीकभाई होते. डब्यातलं अर्धं मला देणारा माणूस. तेही म्हणाले, "आडनाव तुझं असं, आणि आठवण ताबुताची? यल्ला, चल, जेव आधी." दोन्हीकडं समजावून सांगता आलं नाही. मग मी ते सांगणंच सोडलं. इतक्या माणसांत राहून एकटं पडायला एवढं पुरतं.

२००८च्या शेवटी मोहरमसाठी लीव्ह मंजूर झाली होती. तेवढ्यात मंदी आली. मॅनेजर म्हणाला, जा, पण परत बोलावू याची खात्री नाही. मी लीव्ह रद्द केली. नोकरी तरीही गेली. रफीकभाईंनी खटपट करून दुसरीकडे चिकटवलं. नव्या नोकरीत सुट्टी मागायची भीती वाटायची, आणि ती पुढं सवयच झाली. गावी गेलो ते लग्नाकार्याला. मोहरमला कधीच नाही.

यंदा आईचा फोन आला. माझ्या जागी खांदा देऊन ताबूत नेताना गुरुजी वेशीपाशी दोनदा थांबले. पोरं खांदा बदलायला पुढं झाली, तर म्हणाले, ही जागा दत्ताची आहे. घरी आल्यावर त्यांचा हात वर होईना.

मी त्यांना पत्र लिहिलं.

"आदरणीय गुरुजी, शिरसाष्टांग नमस्कार.

माझी जागा आता राखू नका. मी येतो म्हणतो आणि येत नाही, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. पुढचा उजवा खांदा सलीमला द्या. मान घराचा असतो, असं तुम्हीच म्हणता. मग त्या दिवशी सलीम आमच्या घरचा. त्याला आधी आमच्या उंबऱ्यावर पाठवा. आई त्याच्या पायांवर पाणी घालेल, मग त्यानं निघावं. माझं घर अजून तिथं आहे, ते मला तेव्हाच खरं वाटेल. मी आलोच, तर मागं कुठंही खांदा लावीन.

तुम्ही मात्र आता कडेकडेनं चाला.

तुमचा,
दत्ता"