सोपानअण्णांनी हलवलेलं स्टँड

सोपानअण्णांना त्यांच्या स्वतःच्या दुकानात बसलेलं फार कमी लोकांनी पाहिलं असेल. दुकानात गादी होती, गादीवर धुतलेला अभ्रा होता, आणि त्यावर बहुतेक वेळ त्यांची टोपी बसलेली असायची. अण्णा स्वतः पायरीवर, नाहीतर रस्त्यात, नाहीतर समोर आमच्या दुकानाच्या फळीला टेकून उभे. चहासुद्धा उभ्याउभ्या घ्यायचे, तोही अर्धाच. उरलेला अर्धा बशीत निवत पडायचा आणि हे कुणाच्या तरी मागे धावलेले असायचे. माझे वडील, आप्पा, घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून सबंध दुपार मान न उचलणारा माणूस. त्यांना अण्णांच्या येरझाऱ्यांनी घेरी यायची. देवानं तुमच्यात नुसता सेकंदकाटाच बसवलाय, असं ते म्हणायचे, आणि अण्णा ती आपली स्तुती समजायचे.

शिरूरच्या जुन्या एसटी स्टँडच्या फाटकासमोर आमची गल्ली. एका अंगाला अण्णांचं भांड्यांचं दुकान, त्याला चिकटून त्यांच्याच मालकीच्या बारक्या गाळ्यात सुशीलाकाकींची खानावळ, आणि समोर आमचं घड्याळाचं दुकान. सुशीलाकाकी नवरा गेल्यावर पोळपाट-लाटणं घेऊन गल्लीत आल्या होत्या. ड्रायव्हर-कंडक्टर, बाजाराला आलेले शेतकरी आणि कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार त्यांच्याकडे पिठलं-भाकरी खायचे. कांदा विकून झाला, तारीख पडली, आणि आता न्हावऱ्याची गाडी लागेपर्यंत करायचं काय, असा प्रश्न पडलेली माणसं हेच आमच्या सगळ्या गल्लीचं गिऱ्हाईक होतं. कुणी घड्याळाला पट्टा घालायचं, कुणी भाकरी खायचं, आणि बायका लग्नात द्यायची कळशी घेऊन तिच्यावर नाव घालायला अण्णांच्या पायरीवर बसायच्या.

नाव घालायचं मशीन गुरगुरायला लागलं की अण्णांचा एक डोळा कळशीवर आणि एक फाटकावर. एकदा न्हावऱ्याची एक बाई नाव पुरं व्हायच्या आतच गाडी सुटली म्हणून रडकुंडीला आली. अण्णांनी तिला स्कूटरवर मागे बसवलं, कळशी तिच्या मांडीवर दिली आणि भर बाजारातून हॉर्न वाजवत गाडी गाठली. कळशीवर ‘सौ. हिराबा’ एवढंच झालं होतं. उरलेलं पुढच्या बाजाराला, असं त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं. ती बाई पुढच्या बाजाराला खरंच आली आणि येताना भावजयीलाही परात घ्यायला घेऊन आली.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “ठिवलेलं भांडं काळं पडतं.” पोरगं परीक्षेत नापास झालं, कुणाचं लग्न जमेना, कुणाचं सासूशी पटेना, अण्णांचा सल्ला हाच. हला, जागा बदला. स्वतः त्यांनी दुकानाची मांडणी इतक्या वेळा बदलली होती की नेहमीचं गिऱ्हाईकसुद्धा तांब्या मागायला आलं की आधी इकडेतिकडे बघायचं. अशा माणसाच्या डोळ्यासमोर रोज ते स्टँड होतं, जे त्यांच्या जन्माआधीपासून होतं तिथेच होतं. ते त्यांना सलायला लागलं यात नवल नाही.

तक्रारी खोट्या नव्हत्या. गाड्या आत-बाहेर करताना रस्ता तुंबायचा, हॉर्ननं डोकं उठायचं, भिंतीच्या कडेला नाक दाबून चालावं लागायचं, आणि पितळेवर धुळीचा थर बसायचा. अण्णांच्या डोक्यात हिशेब असा होता की या गर्दीमुळे खरं गिऱ्हाईक गल्लीत शिरत नाही. मोटारीतून येणारं, मोठी खरेदी करणारं गिऱ्हाईक. माझं लग्न होऊन मी दौंडला आले, तिथल्या शाळेत शिकवू लागले, तेव्हा एकदा ते खास हे सांगायला माझ्या घरी आले. मी पाट मांडला, पण ते स्वयंपाकघराच्या दारातच उभे. स्टँड हायवेला न्यायचं, जुन्या जागेवर काचेचं व्यापारी संकुल, खाली मोटारी लावायला जागा, आणि आपली गल्ली रुंद. मी म्हटलं, अण्णा, मग न्हावऱ्याच्या बायका कुठं जातील? ते हसले. त्याबी मोटारीनंच येत्याल की, म्हणाले.

गल्लीला हे पटायला वेळ लागला नाही. ज्यांच्या नावावर जागा होती त्यांना तर रात्रीतून आपण गडगंज झाल्यासारखं वाटू लागलं. एका सकाळी सगळे दुकानदार एका टेम्पोत बसून पुण्याला मोठ्या ऑफिसात मागणी घेऊन गेले. बायकांनी वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या. एकट्या सुशीलाकाकी गेल्या नाहीत. त्या खानावळीच्या दारात उभ्या राहून अण्णांना म्हणाल्या, “अण्णा, गाडी गेली की भूकबी तिच्या मागनं जाईल.” अण्णांनी त्यांची समजूत घातली की बिनभाड्याचा नवा गाळा देईन, एसीत बसून भाकरी थापा. काकींनी पदर खोचला आणि आत गेल्या. संध्याकाळी मंडळी परतली तेव्हा गल्लीनं अण्णांच्या गळ्यात हार घातला.

स्टँड हललं. मागण्या मान्य व्हायला पिढ्या लागतात अशी आपली समजूत असते, पण ही मागणी जरा लवकरच मान्य झाली. जुन्या जागेभोवती पत्रे ठोकले गेले, वर काचेच्या इमारतीचं चित्र लागलं. पहिल्या आठवड्यात गल्ली खूश होती. केवढी शांतता! आप्पा म्हणाले की दुकानातल्या सगळ्या घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू येते. दुसऱ्या आठवड्यात त्यांना ती टिकटिक नकोशी झाली, कारण दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. हायवेला उतरलेली माणसं हायवेलाच चहा पिऊन तिथूनच परत जात होती. मोटारवाले काही आले नाहीत. त्यांना पुणं जवळ.

मी सुट्टीत माहेरी यायचे तेव्हा दर खेपेला गल्लीत एक शटर कमी उघडं दिसायचं. कापडवाल्यानं दुकानाचं गोडाऊन केलं. कोपऱ्यावरची जागा बिल्डरनं घेऊन चार मजले चढवले, आणि खालच्या गाळ्यांवर ‘भाड्याने देणे आहे’ हे एवढंच काय ते चालू राहिलं. पत्र्यांमागे काम सुरू होतं आणि थांबतं, असं चाललं होतं. चित्रातली इमारत उन्हानं फिकी पडली. सुशीलाकाकींच्या टोपलीत आधी भाकरी उरायला लागल्या, मग त्या थापायच्याच कमी झाल्या. अण्णांचा मुलगा महेश रांजणगावच्या कारखान्यात होता म्हणून त्यांच्या घरची चूल तरी पेटत होती.

आणि मग गल्लीला आठवलं की स्टँड अण्णांनी हलवलं. ‘आता काय हलवताय, अण्णा?’ असं कुणीही जाता येता विचारायचं. लग्नाच्या आमंत्रणातून त्यांचं नाव गळायला लागलं. देवळात व्यापाऱ्यांची बैठक झाली त्या दिवशी मी माहेरीच होते आणि बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. एकेक जण उठून बोलत होता की ही सगळी एका माणसाची हौस. कापडवाले तर इतके तावातावानं बोलले की ते पुण्याला गेलेच नव्हते असं मलाही क्षणभर वाटलं. मी आप्पांकडे बघत होते. आप्पा भिंग लावल्यासारखी मान खाली घालून बसले होते. मला त्यांचा फार राग आला.

अण्णा खांबाला टेकून उभे होते. बोलणं संपल्यावर ते पुढे आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “व्हय. माझ्याच डोक्यातनं निघालं हुतं. चूक माझी हाय.” पुढे काही तरी म्हणतील म्हणून सगळे थांबले, पण ते चपला घालून निघून गेले. घरी आल्यावर मी आप्पांना विचारलं की तुम्ही का नाही बोललात. ते म्हणाले, झोप आता.

दुसऱ्या दिवशीपासून अण्णांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. हायवेला नव्या स्टँडच्या बाहेर त्यांनी एक हातगाडी उभी केली, सुशीलाकाकींसाठी. काकी आधी नाही म्हणाल्या. ज्यानं चूल विझवली त्याच्याच हातानं ती पेटवायची नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. अण्णा रोज सकाळी खानावळीसमोर येऊन उभे राहायचे, काही न बोलता. शेवटी काकीच कंटाळल्या. मग रोज स्कूटरवर पाण्याचे कॅन, पिठाचा डबा, मागे काकी, अशी मिरवणूक निघू लागली. हातगाड्या उठवायला माणसं आली की अण्णा मध्ये उभे राहायचे, हात जोडायचे, भांडायचे, पुन्हा हात जोडायचे. गाडी लागायच्या आधी जेवून घ्या, असं ते प्रवाशांना ओढून आणायचे. त्यांच्या स्वतःच्या दुकानाचं कुलूप तिकडे गंजत होतं, पण काकींची भाकरी पुन्हा खपायला लागली. जुने ड्रायव्हर परत आले. काकी अण्णांशी बोलायच्या नाहीत, मात्र दुपारी त्यांचं ताट आधी वाढायच्या.

सगळं रांगेला लागलं असं वाटत असतानाच बातमी आली. पत्र्यांमागचं काम पुरं होतंय, आणि संकुलाच्या तळमजल्यावर स्टँड परत जुन्या जागी येणार. गल्लीत पेढे वाटले गेले. मी दौंडची गाडी पकडायला नव्या स्टँडवर गेले तेव्हा अण्णा मला शोधतच आले. दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे. मला म्हणाले, “पोरी, स्टँड परत गेलं तर गल्ली जगंल. पण सुशीलेचं इथलं बस्तान उठंल. तिथला गाळा काचंचा, हिला कोण देतंय? म्या काय मागू, सांग. येऊंदे म्हणू का नगं येऊंदे म्हणू?”

तुमचा गाळा आहेच की काकींना, मी म्हटलं. ते म्हणाले की महेशनं बिल्डरशी बोलणी केलीत, गाळा पडणार आहे, आणि पोराला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं. आयुष्यभर दुसऱ्यांना हला म्हणत आलेला हा माणूस तिथे माझ्यासमोर हातपाय गळाल्यासारखा उभा होता. गाडी लागली, मी चढले. खिडकीतून बघितलं तर ते फलाटावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होते, परत फिरत होते. त्यांना काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं असं मला न्हावरं मागे पडल्यावर वाटलं.

त्या पावसाळ्यानंतर अण्णा गेले. सकाळी पाण्याचे कॅन स्कूटरला बांधताना छातीत कळ आली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. स्टँडचं तेव्हाही काही ठरलं नव्हतं.

दहाव्याला मी दौंडहून पहाटेच निघून आले. घोडनदीच्या काठावर सगळी गल्ली जमली होती. आमंत्रणातून नाव गाळणारेही होते. मेलेल्या माणसाशी भांडण ठेवत नाहीत. महेशनं पिंड मांडले आणि सगळे मागे सरकले. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. महेश पुढे झाला, हात जोडून म्हणाला की दुकान मोडणार नाही. एक कावळा उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि परत गेला. कापडवाले मोठ्यानं म्हणाले, अण्णा, काळजी करू नका, स्टँड परत आणतो. दुसरा म्हणाला, गल्ली पुन्हा उभी करतो. ऊन चढत होतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मला वाटलं, ही माणसं अजूनही आपापलीच मागणी सांगताहेत.

तेवढ्यात सुशीलाकाकी बायकांमधून पुढे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पिंडाकडे बघून बोलायला लागल्या, अण्णा समोर उभे असल्यासारखं. हातगाडी लागल्यापासून त्या त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

“अण्णा, स्टँड कुठंबी जाऊंद्या. मला भाकरी थापता येती, म्या कुठंबी थापीन. माझा घोर करू नगासा.” त्यांनी मागच्या माणसांवरून नजर फिरवली. “आन् स्टँड तुम्ही एकट्यानं न्हाई हलवलं. टेम्पोत समदी हुती. म्या दारात हुते. म्या बघितल्यात.”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. मग माझ्या शेजारून आप्पा पुढे गेले. वय झालेलं, वाळूत पाय नीट पडत नव्हते. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवला.

“मी हुतो, अण्णा,” आप्पा म्हणाले. “ड्रायव्हरच्या शेजारी मीच बसलो हुतो. हारबी मीच आणला हुता.”

थोड्या वेळानं मागून कुणीतरी म्हणालं, मीबी हुतो. मग आणखी एक. कुणी मोठ्यानं, कुणी ओठांतल्या ओठांत. कापडवाल्यांनी टोपी काढली आणि त्यांचे फक्त ओठ हलताना दिसले.

शिवला, शिवला, असा गलका झाला तेव्हा मी तिकडे बघितलंच नाही. मी आप्पांकडे बघत होते. माणसं परत फिरून वाळूतून वर चढायला लागली होती, आणि ते अजून हात जोडून रडत उभे होते.