समुद्रकाठच्या बागेत आजी हरवली

सकाळी सातला त्सुकुबाहून निघायचं ठरलं होतं, म्हणजे आमच्या घराच्या रिवाजाप्रमाणे आठनंतर गाडी हलली. डिकीत पोळ्या, बटाट्याची भाजी, दडपे पोहे, लसणीची चटणी आणि अंथरायला प्लॅस्टिकची निळी चटई. गाडी माझा नवरा निखिल चालवत होता. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई आणि आमची आठ वर्षांची सई, दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत.

आई मिरजेहून पहिल्यांदाच जपानला आल्या होत्या आणि येत्या शनिवारी परत निघणार होत्या. इतक्या आठवड्यांत सई त्यांच्याशी एक अख्खं वाक्य मराठीत बोलली नव्हती. कळायचं तिला सगळं. उत्तर मात्र जपानीत, नाहीतर नुसती मान हलवून. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, काही उपयोग झाला नाही. आदल्या रात्री कणीक मळता मळता आई म्हणाल्या, "मी गेल्यावर फोनवर तरी काय बोलणार गं आम्ही?" त्या हसत म्हणाल्या, पण मला ते फार लागलं. समुद्रकाठच्या बागेतली फुलं हे निमित्त होतं. जाण्याआधी या दोघींचं काहीतरी जुळावं, म्हणून मी ही सहल काढली होती.

बागेच्या अलीकडे गाड्यांची ही लांबलचक रांग. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, त्याचं आईंना अजून नवल वाटायचं. आत शिरून पाइनच्या झाडांमधून बरंच चाललो आणि एकदम समोर टेकडी आली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत निळी. नेमोफिला (नाजूक पाकळ्यांची इवलीशी निळी फुलं) इतकी दाट, की खालची माती दिसत नव्हती. त्यांतून वळणं घेत जाणारी पायवाट, वर आभाळ, आणि माथ्यावर पोचल्यावर पलीकडे पॅसिफिक समुद्र. आई गुडघे धरत, थांबत थांबत वर आल्या. खूप वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, एवढ्या फुलांत देवाला एकही वाहायचं नाही म्हणजे कमाल आहे. फुलं तोडायला सक्त मनाई होती. त्यांचा हात दोनदा पुढे गेलेला मी पाहिला होता, म्हणून खाली उतरेपर्यंत मी त्यांना चिकटूनच चालले.

खालच्या हिरवळीवर चटई अंथरली. आजूबाजूला सगळी कुटुंबं तशीच बसलेली, चटईच्या कडेला बूट ओळीनं मांडून. शेजारच्यांच्या डब्यात ओनिगिरी (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा) होत्या. आमच्या लसणीच्या चटणीचा वास त्यांच्यापर्यंत पोचला असणार, पण त्यांनी तसं काही दाखवलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी आपले उष्टे डबे तसेच बंद केले, कचरा पिशवीत भरला आणि सगळं घरी न्यायला बांधून ठेवलं. इथली पद्धतच ती. कचऱ्याचे डबे सहसा नसतात. आईंनी ते पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खरकटे डबे झाकण लावून दिवसभर फिरवायचे, ही कल्पनाच त्यांना सोसण्यासारखी नव्हती. घरी जाऊन घासू, असं मी म्हटलं आणि सईला घेऊन निळ्या आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथेच चुकलं.

परत येतो तो चटईवर निखिल एकटा, तोंडावर टोपी घेऊन घोरत. आईही नाहीत आणि डबेही नाहीत. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये. बाग एवढी अफाट, की लोक आत भाड्याच्या सायकली घेऊन फिरतात, आणि आईंना जपानीचा गंध नाही. निखिल जवळच्या स्वच्छतागृहांकडे धावला. सईनं माझा हात धरला आणि मला ओढतच मायगोच्या (हरवलेल्या मुलांच्या) खोलीकडे नेलं.

माझं जपानी भाजी आणण्यापुरतं. तिथल्या बाईंशी सगळं सईच बोलली. हरवलेलं मूल केवढं आहे, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मूल नाही, ओबाचान (आजी) हरवली आहे, असं तिनं शांतपणे सांगितलं. हिरवी साडी, पांढरे बूट, हातात स्टीलचे डबे. बाईंनी जपानीत घोषणा केली. पण ती आईंना काय कळणार? मग त्यांनी माझ्याकडून दोन मराठी वाक्यं आपल्या लिपीत लिहून घेतली आणि मोठ्या निष्ठेनं वाचली. ती मलाही कळली नाहीत. मी माइक मागणार, तेवढ्यात सईनं त्यांना अदबीनं काहीतरी विचारलं आणि टाचा उंचावून स्वतःच माइकसमोर उभी राहिली.

"आजी, मी सई. तू जिथे आहेस तिथेच थांब. घाबरू नको. मी तुला घ्यायला येते." आणि शेवटी म्हणाली, "आणि डबे आपण घरी घासू."

त्या निळ्या टेकडीवर, हिरवळीवर, पाइनच्या रानात, सगळीकडे माझ्या लेकीचं मराठी घुमलं. मला रडू आवरेना. त्या बाई कागदी रुमाल पुढे करत होत्या.

थोड्याच वेळात त्यांच्या वॉकीटॉकीवर निरोप आला. ऐकून त्या हसू दाबत सईशी बोलल्या आणि सईनं मला सांगितलं. पश्चिमेच्या फाटकाशी साडीतल्या एक बाई लाउडस्पीकरच्या खांबाशी बोलत होत्या.

निखिलला फोन करून आम्ही तिथे पोचलो तेव्हा आई खांबाला एक हात लावून उभ्या होत्या. पहिल्या नळावर डबे धुवायला मनाई असावी, एका मुलीनं हातानं नको नको केलं, म्हणून दुसरा नळ शोधत त्या इतक्या लांब आल्या होत्या. नंतर सगळ्या वाटा त्यांना सारख्याच दिसायला लागल्या. खांबाला त्यांनी काय सांगितलं, ते मी विचारलं. म्हणाल्या, "हो बाळा, थांबते, म्हटलं. एवढं ती बोलली, उत्तर नको द्यायला?" बाकावर बसलेल्या एका जपानी आजी-आजोबांना त्यांनी सईकडे बोट दाखवून चक्क मराठीत सांगितलं की, मघाशी बोलली ती हीच, माझी नात. त्या दोघांनी कमरेत वाकून नमस्कार केला. आईंनी तो असा स्वीकारला, जणू बाग त्यांच्याच मालकीची होती. माझीही मान ताठ झाली होती, ते कशाला लपवू?

जपान दाखवायला म्हणून मी आईंना घेऊन निघाले होते. टेकडी, समुद्र, फुलं सगळं पाहून झालं, आणि शेवटी पाहण्यासारखी निघाली ती आमची सई. परतीच्या वाटेवर आईंनी माझ्या फोनवरून मिरजेला आपल्या बहिणीला फोन लावला. मावशींनी फुलं कशी होती, असं विचारलं असावं. "होती गं, निळी होती. ते राहू दे, आधी हे ऐक," म्हणत आईंनी फोन सईच्या हातात दिला. सई पेंगुळली होती. मी आरशातून तिच्याकडे बघत होते.

"मावशीआजी," ती म्हणाली, "आजी सापडली."