जावयाचं कार्ड आणि माझी भिंत

आपला माल लोकांनी फुकट न्यावा म्हणून त्यांच्या हातापाया पडणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका माझा जावई निघाला. मी चौथी नापास गवंडी. पोरगी इंजिनिअरला दिली तेव्हा वर्षभर औशात छाती काढून हिंडलो. जावई नांदेडचा, लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. चौकाचौकात त्याच्या फोटोच्या पाट्या. एक दिवस त्यानं क्लास सोडला आणि पुढच्या खोलीत बसून कॉम्प्युटरचं कार्ड बनवायला घेतलं. घर पोरीच्या शाळेच्या नोकरीवर. म्हातारपणी मी त्यांच्याकडं राहायला आलो तो हे बघायला. हॉटेलात कुणी विचारलं, "जावई काय करून राहिलेत?" की मी "संशोधन" म्हणायचो आणि कपात तोंड घालायचो.

शेवटी एकदा त्यालाच विचारलं. म्हणाला, "मामा, कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे तुम्ही. हुशार, सगळं येतं, पण एकटे. माझं कार्ड म्हणजे घमेली देणाऱ्या शंभर बाया. येतं एकच काम, पण शंभर हात एकदम चालतात. हिशेब लई मोठा असला की तुम्ही बाजूला बसायचं, काम बाया उरकतात."

"म्हंजे मी नुसता बसून खातो म्हणा की," असं म्हणून मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना, म्हणून अबोला मोडला.

कार्ड बनवलं ते बनवलं, पण कुठली तार कुठं जाते इथपर्यंत सगळा नकाशा तो इंटरनेटवर उघडा टाकतो. कुणीही घ्यावा, बनवावा, सुधारावा. मी चुन्यात गूळ किती घालतो हे सख्ख्या भावाला कधी कळू दिलं नाही, आणि हा गडी नकाशाखाली आपल्या चुकाही लिहितो. एकदा किनवटच्या कुण्या मास्तरानं त्याची मोठी चूक काढून कळवली, तर यानं गल्लीत पेढे वाटले. शेजारीण मला म्हणाली, "काका, नातू झाला का नात?" मी म्हणालो, "चूक झाली."

क्लासचे मालक स्वतः गाडी घेऊन त्याला परत न्यायला आले, तर यानं त्यांना तासभर कार्डच समजावलं. ते उठले तसा मी अनवाणी गाडीपर्यंत धावलो. "साहेब, जागा भरू नका. आमच्या जावईबापूंना मी आणतो वळणावर."

मग जावयानं कार्डाची परीक्षा घ्यायचं ठरवलं, तीही भूकंपानं. आमच्याकडं झाला तशा भूकंपातले जमिनीचे हेलकावे त्याला आकड्यांत मिळाले होते. तेव्हा आमच्याकडं भिंत कशी बांधत हे सांगणारा घरातच होता. मी माझ्या भावाचं घर सांगितलं, जे मी बांधलं आणि जे त्या भूकंपात पडलं. अडीच हात रुंद भिंत, बाहेरचा थर, आतला थर, मधी मातीचा भराव, आणि दोन्ही थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड, ठरल्या अंतरावर एकेक. सांगताना मिशीवर हात गेला.

कार्ड चाललं. पडद्यावरची भिंत हलली, पण उभी राहिली. जावयाचं तोंड उतरलं. "मामा, खरी पडली आणि हिशेबातली उभी. म्हणजे कार्डच खोटं बोलतंय."

तीन आठवडे तो कार्डातली चूक शोधत होता. जेवण निवून जायचं. शेवटी हरला. 'माझं कार्ड भरवशाचं नाही, कुणी वापरू नका' असं सगळ्यांना लिहून ठेवलं, सकाळी पाठवायचं म्हणून, आणि क्लासच्या मालकांना फोन केला की येतो. मला पाहिजे होतं तेच झालं. हॉटेलात जाऊन सांगायचं तेवढं राहिलं होतं. पण तो क्लासला घालायचा जुना शर्ट इस्त्री करत बसला होता, आणि माझ्यानं बघवेना.

"बापू, ते आरपार दगड."

"हं."

"घातले नव्हते."

त्यानं इस्त्री उभी केली. "किती नव्हते?"

"एक बी न्हाई. घडायला येळ लागतो. पाऊस तोंडावर, भाऊ घाई करून राहिला होता. वरून गिलावा केला की कुणाला दिसतंय."

त्या घरात माझी वहिनी गेली. नंतर सरकारी इंजिनिअर आरपार दगड कसे घालायचे हे शिकवायला मांडव टाकून बसले, तेव्हा "मला शिकवता का?" म्हणून मी मांडवातून उठून आलो होतो. भावाला सांगितलं, जमीनच अशी हलली की देवानं बांधलं असतं तरी पडलं असतं. भाऊ ते खरं धरूनच गेला.

जावयानं हिशेबातले ते दगड काढले आणि कार्ड पुन्हा चालवलं. भिंत मधी फुगली, बाहेरचा थर सुटला, वरचं मातीचं माळवद खाली आलं. अगदी तसंच. कार्ड बरोबर होतं. त्यानं विचारलं, "मामा, हे सगळं लिहू का?" मी म्हणालो, "लिहा. गवंड्याचं नाव बी लिहा."

क्लासची जागा गेली. हॉटेलात मी अजून "संशोधन"च सांगतो, फक्त आता कपाबाहेर तोंड ठेवून. दुपारी चहा झाला की जावई न विचारता पडद्यावर ती पहिली भिंत लावतो, आरपार दगडांची. जमीन हलते, भिंत कुरकुरल्यासारखी डोलते आणि उभी राहते. आत कुणी दाखवलेलं नाही. मी तरी थोडं पुढं वाकून त्या भिंतीतल्या दारातून आत बघतो.