नंबर पडलेला कंदील

संग्रहालयात त्यांना सगळे शाळाबाई म्हणतात. पगारपत्रकावरचं पद बरंच लांबलचक आहे, पण ते पूर्ण म्हणायला कोणाला सवड नाही. काम मात्र एका वाक्यात सांगता येतं. शाळेची बस फाटकातून आत आली, की ती बाहेर पडेपर्यंत पोरांचं जे काही होईल ते शाळाबाईंच्या माथी.

त्यांचा कार्यक्रम स्वच्छतागृहापासून सुरू होतो. "लागलेली असताना कुठल्याही राजाचं नाव लक्षात राहत नाही," असं त्या नव्या शिक्षकांना सांगतात. त्यानंतर डबा, आणि डब्यानंतर इतिहास. दालनाच्या दारात शिक्षक हमखास "हात मागे!" म्हणून ओरडतात आणि पोरं पकडून आणल्यासारखी हात पाठीशी बांधून उभी राहतात. अशा वेळी शाळाबाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हात पुढे घ्या बघू."

मागचं दालन त्यांचं. तिथल्या वस्तू काचेत नसतात, टेबलावर असतात आणि पोरांनी त्या हातात घ्यायच्या असतात. अलीकडे मात्र शाळा कमी झाल्या होत्या. सहली पाण्याच्या घसरगुंड्यांकडे वळल्या होत्या. संचालकांनी एक दिवस बोलावून शांतपणे सांगितलं, की यंदा शाळा परतल्या नाहीत तर ते दालन कोठारासाठी द्यावं लागेल. परिसरातल्या सगळ्यात मोठ्या शाळेचा एक वर्ग बुधवारी येणार होता. मुख्याध्यापिकांना आवडलं तर वर्षभर बाकीचे वर्ग येतील. नाही आवडलं तर कोठार.

शाळाबाईंनी विषय निवडला तो अंधार पडल्यावर लोक काय करत, हा. पडदे ओढायचे, दालन काळोखं करायचं आणि पोरांच्या हातात एकेक दिवा द्यायचा. समया नव्हे, तर चिमण्यांसारखे रोजच्या वापरातले साधे दिवे, वाती कापायच्या कात्र्या, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची बॅटरी. भंगारवाल्याकडून, शेजाऱ्यांकडून, माहेरून असं मिळेल तिथून त्यांनी गोळा केलं.

पोरांसमोर बोलायची वाक्यं आधी स्वयंपाकघरात पास व्हावी लागतात. परीक्षक सासूबाई. त्या मटार सोलत बसतात आणि सूनबाई पोळपाटाजवळ उभी राहून बोलते. सासूबाईंनी "मग?" विचारलं तर वाक्य राहतं. त्यांनी चहाचं नाव काढलं तर वाक्य जातं. यावेळी त्यांनी दोनदा चहाचं विचारलं आणि मग सोललेली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, ह्यांचा कंदील का नाही नेत?"

सासरे रेल्वेच्या फाटकावर होते. गाडी यायच्या आधी फाटक बंद करायचं आणि रुळांच्या कडेला कंदील घेऊन उभं राहायचं. त्या कंदिलाला आतून फिरणाऱ्या रंगीत काचा आहेत, लाल आणि हिरवी. ते गेल्यापासून तो कपाटाच्या माथ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. घरात कोणी त्याला हात लावत नसे.

"आई, खरंच नेऊ?"

"ने. पण उसना देतेय, लक्षात ठेव. आणि पोरांच्या हातात द्यायचा. ती धरायची वस्तू आहे, बघायची नाही."

चूक शनिवारी झाली. संग्रहालयाच्या भांडारात दाराच्या दोन बाजूंना दोन टेबलं आहेत. डाव्या टेबलावर संग्रहात दाखल व्हायला आलेल्या वस्तू ठेवतात आणि उजव्यावर पोरांनी हाताळायच्या. उजव्या टेबलाला त्या दिवशी ताजा रंग दिलेला होता. शाळाबाईंनी कंदिलासकट सगळं सामान तात्पुरतं डाव्या टेबलावर ठेवलं आणि घरी गेल्या.

भांडार सांभाळणाऱ्या अण्णांनी डाव्या टेबलावरचं सामान पाहिलं. शाळाबाईंची धावपळ त्यांना दिसत होती. ते सुट्टीच्या दिवशी आले, बारीक कुंचला घेतला आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाशी पांढऱ्या रंगात नंबर घातला. अण्णांचं अक्षर फार सुरेख आहे. एकदा नंबर पडला, की वस्तू संग्रहाची होते. मग ती काचेत राहते आणि हातमोजे घातल्याशिवाय तिला कोणी शिवत नाही. नंबर काढायचा अधिकार फक्त समितीला, आणि समिती बसते वर्षातून एकदा.

"अण्णा, हे काय करून बसलात?"

"काय केलं? म्हटलं, तेवढाच तुम्हाला हातभार."

"अहो, ह्या पोरांच्या वस्तू आहेत!"

"डाव्या टेबलावर होत्या, बाई."

"मीच ठेवल्या. उजव्याला ओला रंग होता."

मग शाळाबाईंनी हळूच विचारलं, "पुसता नाही येणार?"

"येईल की. कापसाचा एक बोळा पुरे." अण्णांनी चष्मा काढला. "पण नंबर पुसणारा भांडारवाला म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं. आज तुमच्यासाठी पुसला, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

अण्णांच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. संचालक म्हणाले, वस्तू काचेतूनही चांगल्या दिसतील, मोठ्या अक्षरातले फलक लावा.

घरी सांगायचं सगळ्यात जड गेलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे आता तो त्यांचा?"

"समिती बसेपर्यंत तरी. आई, माझंच चुकलं."

"आणि पोरं?"

"बघतील काचेतून."

"बघून काय करायचंय?" सासूबाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "माझ्यावर घातलाय का नंबर?"

"काहीतरीच काय, आई!"

"नाही ना घातला? मग मी येते. पाठ टेकायची खुर्ची आहे का तुमच्याकडे?"

बुधवारी पोरं आली. मोकळी होऊन, डबे खाऊन दालनाच्या दारात उभी राहिली. "हात मागे!" शिक्षक ओरडले आणि या खेपेला शाळाबाई काहीच बोलल्या नाहीत. पडदे ओढले. आतून दिवा लावलेल्या काचेच्या पेटीत सगळ्या वस्तू मांडलेल्या होत्या. एका मुलानं फलक धड्यासारखा मोठ्यानं वाचला. मागच्या रांगेत कोणीतरी जांभई दिली, मग शेजारच्यानं. मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण पर्सचा बंद मात्र नीट करत होत्या. दारात संचालक उभे होते.

पेटीशेजारी खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"ए, जांभईवाल्या. इकडे ये. हात पुढे कर. मूठ वळ. आता समज, तुझ्या मुठीत त्या कंदिलाची कडी आहे. अरे, एवढा सैल धरतात का? तेल सांडेल!"

मुलानं मूठ आवळली. बाकीची हसली, आणि मग त्यांनीही मुठी आवळल्या.

"लाल म्हणजे काय?"

"थांबा!"

"हिरवा?"

"जा!"

"आणि काचा फुटल्यात, नुसता पांढरा उजेड आहे, पुढे रूळ मोडलाय. मग?"

कोणालाच येईना.

"आडवा हलवायचा. जीव खाऊन. उजेड कुठलाही असू दे, ड्रायव्हरला कळतं."

काळोखात सगळा वर्ग रिकाम्या मुठी आडव्या हलवू लागला. शिक्षकही हलवत होते. सासूबाईंनी मग सांगितलं, की एकदा ह्यांना ताप चढला होता, बदली माणूस आला नव्हता, तेव्हा त्या स्वतः रुळांच्या कडेला हिरवा धरून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला परवानगी होती?" एका मुलीनं विचारलं.

"कुणाची? ज्यांची घ्यायची ते तापात बडबडत होते."

"म्हणजे तुम्ही नियम मोडला!"

"मोडला. गाडी गेली. सकाळी ह्यांना सांगितलं तर खूप रागावले. थोड्या वेळानं विचारतात, हात ताठ ठेवला होतास ना?"

"ठेवला होता?"

"मग! आठवडाभर खांदा धरला होता."

ती मुलगी पुढे आली आणि तिनं सासूबाईंचा खांदा दाबून पाहिला. सासूबाईंनी पाहू दिला. मग खांदा पाहायला रांगच लागली. शाळाबाई भिंतीशी उभ्या होत्या. कंदिलाची ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली होती. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून पुढच्या वर्गासाठी फोन आला. दालन वाचलं, निदान यंदापुरतं.

समिती बसली तेव्हा तिनं बाकी सगळ्या वस्तूंचे नंबर काढले. कंदिलापाशी मात्र सभासद अडले. वस्तू दुर्मीळ आहे, घरच्यांनी ती भेट दिली तर आभाराचा फलक लावू, असं त्यांनी सुचवलं. सासूबाईंनी निरोप पाठवला, "उसनी वाटीसुद्धा परत येते." अण्णांनी नंबर स्वतःच्या हातानं पुसला आणि कंदील घरी पोहोचवला.

आता दर बुधवारी सासूबाई सुनेबरोबर संग्रहालयात येतात. कंदील कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. पोरं तो धरतात, काचा फिरवतात, आडवा हलवतात. गेल्या महिन्यात एका मुलानं कंदील सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे अगदी जीव खाऊन हलवला आणि तो खुर्चीच्या पाठीवर आपटला. हिरव्या काचेचा चुरा झाला. दारात अण्णांनी कपाळाला हात लावला. "म्हणूनच म्हणतो, हात मागे!" शिक्षक कडाडले. मुलाचे डोळे भरले होते. शाळाबाईंना सासूबाईंकडे बघायचं धाडस होईना.

सासूबाईंनी कंदील मागून घेतला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला.

"हिरवी गेली. लाल शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "रडू नकोस रे, तू थांबवलीस गाडी. हं, पुढचं कोण?"

पुढे एक मुलगी होती. तिनं आधी दोन्ही हात फ्रॉकला पुसले.