विमलच्या पत्राचा शेवट

माझी दृष्टी गेल्या वर्षी अधू झाली, आणि नाशिकला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला, विमलला, ऐकू येत नाही. त्यामुळे फोनचा उपयोग नाही. ती ईमेल लिहिते, आणि माझ्या टेबलावरचे छोटे यंत्र ते ईमेल मला मोठ्याने वाचून दाखवते. मी इकडे परदेशात, गुंगालिन नावाच्या उपनगरात राहते; माझ्या शेजारणीने, चारुताने, ते जोडून दिले. ती पुण्याची, इथे सरकारी खात्यात कंत्राटावर कॉम्प्युटरचे काम करते.

यंत्रात एकच खोट होती. प्रत्येक पत्राचा शेवट ते गिळून टाकी. आणि विमलची सवय अशी की हवापाणी, शेजारपाजार आधी, मुख्य गोष्ट शेवटी.

"शेवट मी वाचून दाखवते ना, काकू," चारुता म्हणाली.

"दाखवशील गं. पण बहिणीबहिणींचं काही असतं."

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. "शनिवारी आर्व्होला येते," एवढेच इथल्या बोलीत म्हणाली, आणि त्या दुपारी लॅपटॉप घेऊन आली.

तिने समजावले ते असे: मजकूर सारख्या मापाच्या डब्यांत भरलेला असतो. शेवटचा डबा बहुधा अर्धाच भरतो. माझ्या जुन्या मेमरी कार्डावरचा तो अर्धा डबा यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमला बिघाड वाटे, म्हणून ती तो टाकूनच देई.

दुरुस्ती करून तिने विमलचे एक जुने पत्र लावले. यंत्र म्हणाले, "रोज गुडघ्याला तेल लावते. मंद आचेवर झाकून ठेवावे व वरून कोथिंबीर पेरावी."

आम्ही हसून बेजार झालो.

"आधी लवकर थांबत होतं, आता थांबतच नाही! डब्यात खाली मागच्या मजकुराचं उरलेलं होतं, तेही वाचतंय."

"चालेल की. कोथिंबीर मी ओळखते."

"नाही हं काकू. दुसऱ्या कुणाच्या डब्यात काय उरलं असेल, कोण जाणे. मजकूर संपला की तिथेच थांबायला हवं."

त्यात तिचे आणखी दोन शनिवार गेले. ती सिस्टीम सांभाळणाऱ्या मंडळींना तिने दुरुस्ती पाठवली. त्यांच्या शंकांना उत्तरे दिली, आणि ती सर्वांसाठी स्वीकारली गेली.

मग विमलचे नवे पत्र आले. यंत्राचे वाचन अर्ध्यावर येताच चारुता उठली. "दोरीवरचे कपडे काढते," म्हणत जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, थंडीत मागच्या अंगणात गेली. कपडे मी सकाळीच काढले होते.

यंत्र वाचत होते, "मंगळवारी ऑपरेशन आहे, ताई. मुलांना सांगितलंय, भीती वाटत नाही. तुला खरं सांगते, वाटते."

आणि थांबले.

थोड्या वेळाने मी काचेवर टकटक करून चारुताला आत बोलावले. तिचे हात गारठले होते. ते मी कितीतरी वेळ माझ्या हातांत धरून ठेवले.